नंबर व्हेरिफाय झाला म्हणजे माणूस खरा?

‘डेटिंग अ‍ॅपवर नंबर व्हेरिफाय झालेला असेल तर समोरची व्यक्ती खरीच,’ असं सांगणारा मेसेज कायम फिरत असतो. पण ओटीपीवरून एवढंच कळतं, की त्या क्षणी तो कोड कुणाला तरी वाचता आला. नाव, वय, फोटो यांची तपासणी त्यात होतच नाही. शिवाय व्हर्च्युअल नंबर सिमशिवाय, ऑनलाइन मिळतात. काही तर एका ओटीपीपुरते भाड्याने. असा नंबर घेणारा प्रत्येक जण लबाड नसतो, अनेक मुली स्वतःचा नंबर उघड होऊ नये म्हणूनच तो घेतात.

खात्रीसाठी प्रोफाइलचा फोटो इमेज सर्चमध्ये टाका. तोच चेहरा वेगळ्या नावाने दिसला किंवा व्हिडिओ कॉल सतत टाळला गेला, तर थांबा. ‘तू खरी आहेस का बघायचंय, आलेला कोड सांग,’ म्हटलं तरी सांगू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.