संगणकाधारित वर्णपटमापक : भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतील वापर

प्रकाशातील निरनिराळ्या तरंगलांबींची तीव्रता एकाच वेळी मोजून तिचा आलेख संगणकाच्या पडद्यावर दाखवणारे उपकरण. पदवीच्या प्रयोगशाळेतील जुन्या स्पेक्ट्रोमीटरवर विद्यार्थी दुर्बीण फिरवून क्रॉसवायर रेषेवर आणतो आणि वर्नियरवर कोन वाचतो. संगणकाला जोडलेल्या छोट्या उपकरणात फिरणारा भागच नसतो. प्रकाश ऑप्टिकल फायबरमधून २५ किंवा ५० मायक्रोमीटरच्या फटीवर येतो. अंतर्वक्र आरसा त्याला समांतर करतो, स्थिर ग्रेटिंग (बारीक समांतर रेषा कोरलेला पृष्ठभाग, बहुधा मिलिमीटरला ६०० रेषा) त्याचे तरंगलांबीनुसार पृथक्करण करते आणि दुसरा आरसा तो पट सीसीडी संवेदकावर (प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करणाऱ्या चिपवर) पाडतो. संवेदकात एका ओळीत २,०४८ किंवा ३,६४८ पिक्सेल असतात. वीज आणि माहिती, दोन्हींसाठी एकच यूएसबी केबल पुरते.

३५० ते १,००० नॅनोमीटरचा (नॅमी) पट २,०४८ पिक्सेलवर पसरला, की एका पिक्सेलच्या वाट्याला सुमारे ०.३ नॅमी येतात. विभेदनक्षमता (जवळच्या दोन रेषा सुट्या दाखवण्याची क्षमता) मात्र फट आणि ग्रेटिंगवर ठरते. २५ मायक्रोमीटरच्या फटीला ती साधारण दीड नॅमी मिळते. त्यामुळे सोडियमच्या ५८९.०० आणि ५८९.५९ नॅमी या दोन रेषांचे एकच शिखर दिसते आणि पाऱ्याची पिवळी जोडी (५७६.९६ व ५७९.०७) जेमतेम सुटी होते. चांगली ग्रेटिंग लावलेल्या जुन्या स्पेक्ट्रोमीटरवर सोडियमची जोडी डोळ्यांना स्वच्छ दिसते. म्हणून नवे उपकरण आले तरी जुने अडगळीत टाकू नये.

उपकरण प्रत्यक्षात दोनच गोष्टी देते : पिक्सेलचा क्रमांक आणि त्यावर जमलेले काउंट, म्हणजे प्रकाशाच्या तीव्रतेचा आकडा. तरंगलांबी सॉफ्टवेअर एका त्रिघाती बहुपदीवरून काढते आणि तिचे गुणांक उपकरणाच्या स्मृतीत साठवलेले असतात. धक्का बसला किंवा तापमान बदलले, की पट किंचित सरकतो. गुणांक तेच राहतात. प्रयोगाआधी पाऱ्याच्या दिव्याच्या ४०४.६६, ४३५.८३ आणि ५४६.०७ या रेषा तपासाव्यात. त्याहून चांगले म्हणजे विद्यार्थ्यांनीच ज्ञात रेषांचे पिक्सेल क्रमांक टिपून तरंगलांबीशी आलेख काढावा. पडद्यावरचा आकडा कुठून येतो, हे त्यातून जितके समजते तितके तयार आकडा वाचून समजत नाही.

सर्वांत जास्त चुका इंटिग्रेशन टाइममध्ये, म्हणजे एका नोंदीसाठी संवेदक प्रकाश गोळा करतो त्या काळात, होतात. १६ बिटच्या उपकरणात काउंटची कमाल मर्यादा ६५,५३५ असते. सर्वांत उंच शिखर तिच्या ७० ते ८५ टक्क्यांत राहील असा काळ निवडावा. शिखराचा माथा सपाट दिसला, तर संवेदक संपृक्त झालेला असतो आणि त्या शिखराचा मध्य विश्वासार्ह नसतो. हायड्रोजनची ६५६.२८ ची लाल रेषा जोरदार, तर ४१०.१७ ची जांभळी फिकी असते. दोन्ही एकाच नोंदीत बसवण्याचा हट्ट न धरता वेगवेगळ्या काळाच्या दोन नोंदी घ्याव्यात. शिवाय ५० हर्ट्‌झच्या विजेवरचा दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. काळ १० मिलिसेकंदांच्या पटीत नसेल, तर दर नोंदीला उंची बदलते आणि विद्यार्थी दिव्याच्या (उदा. हायड्रोजनच्या) नळीला दोष देतात.

काळ बदलला की ‘डार्क’ (प्रकाश नसतानाची नोंद) नव्याने घ्यावा लागतो. तो घेताना दिवा बंद न करता प्रकाशाची वाट अडवावी, कारण पुन्हा लावलेला हॅलोजन दिवा स्थिरावायला बराच वेळ घेतो. शोषणाच्या प्रयोगात (उदा. पोटॅशियम परमँगनेट, शिखरे ५२५ व ५४५ नॅमीजवळ) सॉफ्टवेअर नमुना आणि ‘रेफरन्स’ (फक्त द्रावकाची नोंद) या दोन्हींतून डार्क वजा करून गुणोत्तराचा ऋण लॉगरिदम, म्हणजे शोषणांक, काढते. शोषणांक २ च्या वर गेला, की भरकटलेला प्रकाश मापन बिघडवतो. तेव्हा द्रावण पातळ करावे.

‘बॉक्सकार’ हा आलेख गुळगुळीत करणारा पर्याय रेषा-वर्णपटासाठी ० किंवा १ वर ठेवावा. तो ५ केला तर ११ पिक्सेलची, म्हणजे तीन नॅमीहून जास्त पट्ट्याची सरासरी होते आणि पाऱ्याची पिवळी जोडी एक होऊन जाते. गोंगाट कमी करायचा असेल तर जास्त स्कॅनची सरासरी घ्यावी.

रिडबर्ग स्थिरांकासाठी (R) बामर रेषांच्या, म्हणजे हायड्रोजनच्या दृश्य रेषांच्या, १/λ चा १/n² शी आलेख काढतात (λ तरंगलांबी, n वरच्या ऊर्जापातळीचा क्रमांक). चढ −R आणि y-छेद R/४ मिळतो. हवेतील तरंगलांबी तशीच वापरली तर R चे मूल्य १.०९७१ × १०⁷ प्रति मीटर येते, निर्वातातील वापरली तर १.०९६८ × १०⁷. हा फरक सुमारे ०.०३ टक्के आहे. लाल रेषेत ०.३ नॅमीची चूक मात्र ०.०५ टक्क्यांची असते. हायड्रोजनच्या नळीवर हजारो व्होल्ट असतात, म्हणून फायबर स्टँडला आधी घट्ट बसवून मगच वीज द्यावी.

टंगस्टनच्या दिव्याचा आलेख विशेष फसवा असतो. २,९०० केल्विनच्या तंतूचे शिखर व्हीनच्या नियमाने (शिखराची तरंगलांबी तापमानाच्या व्यस्त प्रमाणात) १,००० नॅमीजवळ हवे. पडद्यावर ते ६०० ते ६५० च्या आसपास दिसते, कारण अवरक्ताकडे सीसीडीची संवेदनशीलता घसरत जाते. त्या शिखरावरून तापमान काढले तर ४,४०० केल्विनच्या वर येते, आणि टंगस्टन तर ३,६९५ केल्विनलाच वितळतो. प्रमाणित दिव्याने संवेदकाच्या प्रतिसादाची दुरुस्ती केल्याशिवाय या उपकरणावर तीव्रतांची तुलना करू नये.

वेबकॅम आणि डीव्हीडीचा तुकडा (मिलिमीटरला सुमारे १,३५० रेषा) वापरून असेच उपकरण घरीही करता येते. थेरेमिनोसारखे मोफत सॉफ्टवेअर त्याला चालते. फक्त कॅमेऱ्याचे स्वयंचलित एक्स्पोजर बंद करावे, नाहीतर प्रकाश वाढवला तरी शिखराची उंची त्या प्रमाणात वाढत नाही.