सहा महिन्यांनी झोपी जाणारं जनुक

सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची गावपातळीवरची चाचणी अगदी साधी आहे. काचेच्या लहानशा नळीत द्रावण घ्यायचं, बोट टोचून रक्ताचा थेंब त्यात सोडायचा, नळी हलवायची आणि पाचेक मिनिटांनी काळ्या रेघा मारलेल्या कागदासमोर धरायची. द्रावणातून पलीकडच्या रेघा दिसल्या, तर सुटलो. ताकासारखं गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे. मग ते रक्त पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याला जातं, कारण माणूस नुसता वाहक आहे (बिघडलेलं जनुक एकाच पालकाकडून आलेला) की आजारीच आहे, हे या नळीला सांगता येत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट, नंदुरबार या पट्ट्यात ही ‘सोल्युबिलिटी’ चाचणी वर्षानुवर्षं चालू आहे.

या चाचणीला एक पथ्य आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या बाबतीत तिच्यावर विसंबायचं नाही. आईबाप दोघेही वाहक असोत, बाळात आजार उतरलेला असो, तरी रेघा लख्ख दिसू शकतात. एवढ्या लहान बाळाच्या रक्तात सिकलच्या हिमोग्लोबिनवर मात करणारं दुसरं एक हिमोग्लोबिन भरलेलं असतं. क्रिस्पर या डीएनए कापण्याच्या तंत्राने बनलेला, सरकारी मान्यता मिळालेला जगातला पहिला उपचार याच दुसऱ्या हिमोग्लोबिनवर उभा आहे.

आधी मूळ बिघाड पाहू. आपल्या अकराव्या गुणसूत्रावर बीटा ग्लोबिनचं, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या एका प्रथिन-साखळीचं जनुक आहे. सिकलसेलमध्ये त्यातलं डीएनएचं एकच अक्षर बदललेलं असतं, ‘ए’च्या जागी ‘टी’. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल या दुव्याऐवजी व्हॅलिन हा दुवा येऊन बसतो. हा आजार रेणूचा आहे, हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं. नेमका कुठला दुवा बदलतो, हे व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये शोधलं. फुफ्फुसातून निघताना हे हिमोग्लोबिन ठीकठाक असतं. वाटेत ऑक्सिजन देऊन टाकला, की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांबच लांब दोरे वळू लागतात. आत दोरे ताठले, की गोल, लवचिक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. बारीक रक्तवाहिनीत अशा पेशी अडकल्या, की पुढचा भाग उपाशी राहतो आणि हाडं फोडून काढावीत तशा वेदना सुरू होतात. धडधाकट पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत संपते. नळीतलं द्रावण तरी काय करतं? पेशी फोडतं आणि रक्तातला ऑक्सिजन काढून घेतं. न विरघळलेल्या त्या हिमोग्लोबिनचा गढूळपणा रेघा झाकतो.

आता बाळाकडे येऊ. गर्भातल्या बाळाला आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घ्यावा लागतो, म्हणून त्याचं हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जास्त घट्ट धरणारं असतं. त्यात बीटाच्या जागी गॅमा साखळी असते. गॅमाची जनुकं बीटाच्या शेजारीच, त्याच अकराव्या गुणसूत्रावर आहेत. जन्मानंतर गॅमा हळूहळू मिटत जातं आणि बीटा त्याची जागा घेतं. मोठ्या माणसात गर्भाचं हिमोग्लोबिन साधारण एक टक्काही उरत नाही. जनुक मात्र कुठेही जात नाही, नुसतं झोपून राहतं.

जॅनेट वॉटसन या ब्रुकलिनमधल्या बालरोगतज्ज्ञ. १९४८ मध्ये त्यांनी नोंदवलं, की सिकलसेल असलेल्या नवजात बाळांच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी फारच कमी सापडतात, आणि हे बहुधा गर्भाच्या हिमोग्लोबिनमुळे असावं. डीएनएची रचना अजून कुणाला ठाऊक नव्हती त्या काळातली ही गोष्ट. गॅमा साखळीचे रेणू त्या दोऱ्यात सामील होत नाहीत, मध्येच शिरून विणकाम मोडतात, हे पुढे कळलं. वॉटसन यांचं ते निरीक्षण सगळ्यांनी मान्य केलं, पण झोपलेल्या जनुकाला जागं कसं करायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं.

दुसरा धागा आपल्या बाजूचा आहे. सौदी अरेबियाच्या पूर्व भागातल्या आणि ओडिशातल्या रुग्णांची तपासणी झाली, तेव्हा आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा त्यांच्या रक्तात गर्भाचं हिमोग्लोबिन बरंच जास्त दिसलं, अनेकांत १५ ते २० टक्के. त्यांचा त्रासही सरासरीने कमी होता. यांच्या गुणसूत्रावर सिकलचं अक्षर ज्या शेजारच्या अक्षरांसोबत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, त्या नमुन्याला अरब-भारतीय नमुना म्हणतात, आणि तो गॅमाला पूर्ण झोपू देत नाही. याचा एक वाईट परिणाम मात्र झाला. ‘भारतातला सिकल सौम्य असतो’ असं वाक्य रूढ झालं. नागपूरकडच्या मुलांच्या अभ्यासांत तीव्र त्रास असलेले रुग्ण भरपूर सापडले आहेत. वॉर्डात तळमळणाऱ्या पोराच्या आईला सरासरी सांगून काय उपयोग?

गॅमाला झोपवतं कोण, हे कळायला २००७-०८ उजाडलं. हजारो माणसांच्या जनुकसंचाची तुलना करताना लंडनच्या गटाला आणि सार्डिनिया बेटावर काम करणाऱ्या गटाला दोन क्रमांकाच्या गुणसूत्रावरची एक जागा सापडली. तिथे ठरावीक अक्षरं असलेल्यांत गर्भाचं हिमोग्लोबिन थोडं जास्त राहत होतं. त्या जागी बीसीएल११ए नावाचं जनुक होतं. बोस्टनमध्ये स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत विजय शंकरन या विद्यार्थ्याने दाखवून दिलं, की गॅमाला दाबून धरणारं प्रथिन याच जनुकातून बनतं. त्या प्रथिनाचा हात उचलला, की गॅमा जागं होतं.

मग ते जनुकच तोडून का टाकू नये? कारण त्याची इतरत्रही गरज आहे. रोगप्रतिकारक पेशी घडताना ते लागतं, मेंदू घडताना लागतं. एका खोलीतला दिवा घालवायला घराचा मेन पाडण्यासारखं झालं असतं. २०१३ मध्ये डॅनियल बाउअर आणि ऑर्किन यांच्या गटाला त्या खोलीचं स्वतंत्र बटण सापडलं. बीसीएल११एच्या आतच, प्रथिन न घडवणाऱ्या भागात डीएनएचा एक छोटा तुकडा आहे. तो तांबड्या पेशी तयार होताना तेवढा हे जनुक चालू करतो, बाकीच्या पेशींना त्याच्याशी देणंघेणं नाही. प्रथिनाचा मजकूर नसलेल्या डीएनएला एकेकाळी सर्रास ‘कचरा’ म्हटलं जायचं. हे बटण त्याच कचऱ्यातलं.

इथे क्रिस्परचा स्वभाव समजून घ्यायला हवा. एमॅन्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाउडना यांनी २०१२ मध्ये मांडलेली ही कात्री डीएनए हव्या त्या जागी कापते. पण कापलेली टोकं पेशी स्वतःच जोडते, आणि ते काम ती बरेचदा गबाळेपणाने करते. दोन-चार अक्षरं गळतात किंवा वाढतात. त्यामुळे या कात्रीने काही बिघडवणं सोपं आणि हुकमी दुरुस्त करणं अवघड. बटणाचा शोध लागल्यामुळे बिघडवण्याजोगं काहीतरी हाती आलं. सुरुवातीला सांगितलेला पहिला उपचार तो हाच, नाव कॅसगेव्ही. त्यात बीटाच्या चुकलेल्या अक्षराला कुणी हातही लावत नाही, ते जसंच्या तसं राहतं. कात्री चालते ती दोन क्रमांकाच्या गुणसूत्रावरच्या बटणावर.

ब्रिटनने १६ नोव्हेंबर २०२३ ला आणि अमेरिकेने ८ डिसेंबर २०२३ ला या उपचाराला मान्यता दिली. चाचणीत पुरेसा काळ नजरेखाली राहिलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान १२ महिने वेदनेचा एकही तीव्र झटका आला नाही. त्यांच्या रक्तात गर्भाचं हिमोग्लोबिन एकूण हिमोग्लोबिनच्या सुमारे ४० टक्क्यांवर गेलं. अमेरिकेत हा उपचार घेणारी पहिली रुग्ण व्हिक्टोरिया ग्रे, मिसिसिपीची. तिला बदललेल्या पेशी २०१९ मध्ये दिल्या गेल्या.

हे आकडे वाचून हुरळायला होतं, पण उपचाराची वाट सोपी नाही. आधी औषध देऊन अस्थिमज्जेतल्या मूलपेशी रक्तात उतरवायच्या आणि यंत्राने गाळून घ्यायच्या. एका खेपेत पुरेशा मिळाल्या नाहीत तर पुन्हा. प्रयोगशाळेत विजेच्या झटक्याने पेशींची भोकं उघडून कात्री आत सोडायची, तपासण्या करायच्या, यात महिने जातात. मग रुग्णाला बुसल्फान हे केमोथेरपीचं औषध देऊन त्याची जुनी मज्जा रिकामी करायची, आणि तेव्हा कुठे नव्या पेशी शिरेतून सोडायच्या. पुढचे काही आठवडे रुग्णालयात, संसर्ग टाळत. केस जातात, तोंड येतं, मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. अमेरिकेतली किंमत मान्यतेच्या वेळी २२ लाख डॉलर, त्या वेळच्या दराने १८ कोटी रुपयांच्या वर.

चुकलेलं अक्षरच बदलण्याचे प्रयत्नही चालू आहेत. डेव्हिड लिऊ यांच्या गटाचं ‘बेस एडिटिंग’ डीएनएचे दोन्ही धागे न कापता एका अक्षराचं दुसरं करतं. ‘टी’चं पुन्हा ‘ए’ या पद्धतीने होत नाही, ‘सी’ होतं. त्यातून व्हॅलिनच्या जागी अ‍ॅलनिन येतं, आणि असं हिमोग्लोबिन निसर्गात आधीपासून आहे. इंडोनेशियातल्या मकासर शहरावरून त्याला मकासर हिमोग्लोबिन म्हणतात. ते दोरे वळत नाही.

आपल्याकडे १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकांवर संशोधन करणाऱ्या संस्थेने स्वतःची कात्री बनवली, फ्रान्सिसेला जिवाणूच्या कॅस९ प्रथिनात सुधारणा करून. बिरसा मुंडांच्या नावाने ‘बिरसा १०१’ असं बारसं झालेला देशी उपचार नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला आणि त्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार झाला. किंमत किती खाली येते, यावर सगळं आहे. बोस्टनमधला शोध गडचिरोलीतल्या भामरागडला पोचायचा तर आधी त्याला एसटीचं तिकीट परवडलं पाहिजे.

तोवर हायड्रॉक्सीयुरिया आहे. मूळ कर्करोगाचं हे जुनं, स्वस्त औषध रोज घेतलं, की गर्भाचं हिमोग्लोबिन काही प्रमाणात वाढतं. क्रिस्पर जे काम करतं तेच, पण अर्धवट आणि गोळी चालू असेपर्यंतच. अमेरिकेत १९९८ मध्ये त्याला सिकलसेलसाठी मान्यता मिळाली. ठरावीक काळाने रक्त तपासत राहावं लागतं, आणि बरं वाटलं म्हणून लोक मध्येच गोळी सोडतात. मला विचाराल, तर पुढची दहा वर्षं सर्वाधिक फरक हीच गोळी पाडणार आहे.

आणि नळीने ओळखता न येणारं ते लहान बाळ? त्याच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन गाळणकागदावर सुकवतात आणि प्रयोगशाळेत एचपीएलसी यंत्रावर हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे करून मोजतात. ‘एफ’ म्हणजे गर्भाचं हिमोग्लोबिन, ‘ए’ नेहमीचं, ‘एस’ सिकलचं. जे जास्त, त्याचं अक्षर आधी लिहायचं. निरोगी बाळाचा अहवाल ‘एफए’, वाहक बाळाचा ‘एफएएस’. ‘एफएस’ आलं, तर बहुधा बाळाला आजार आहे. त्याला दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून पाच वर्षांचं होईपर्यंत पेनिसिलिन देतात, कारण ‘एफ’ ओसरू लागला की जंतूंशी लढणारी प्लीहा निकामी होत जाते आणि न्यूमोनियाचे जंतू बाळाचा घात करू शकतात.