शहरातल्या नदीवर सौरपॅनेल: लोकांच्या शंका आणि वाहत्या पाण्याचं विज्ञान

शहरातून वाहणाऱ्या नदीवर तरंगते सौरपॅनेल बसवणार, एवढी बातमी आली की लोकांच्या प्रतिक्रिया जवळपास ठरलेल्या असतात. कुणी म्हणतं, छान झालं, जमीन वाचली. कुणी विचारतं, खाली सावली पडली तर माशांचं काय? पुलाजवळ राहणारे पुराचं विचारतात, काठावरच्या इमारतींतले लोक डोळ्यांवर येणाऱ्या चकाकीचं. पाण्यात वीज उतरली तर, हा प्रश्न असतोच. आणि थोड्या हळू आवाजात आणखी एक प्रश्न येतो: नदी सगळ्यांची आहे, मग आम्हाला विचारलं कुणी?

प्रकल्प राबवणाऱ्यांना या सगळ्या शंका एकाच जातीच्या वाटतात. "लोकांचे गैरसमज" असं त्यांना नाव मिळतं आणि उत्तर म्हणून एक माहितीपत्रक निघतं. मला ही पद्धत चुकीची वाटते, कारण या शंकांचे प्रकार वेगवेगळे आहेत. काहींचं उत्तर भौतिकशास्त्राकडे केव्हाचं तयार आहे. काहींच्या बाबतीत विज्ञान लोकांच्याच बाजूनं उभं आहे. आणि काही प्रश्न मुळात विज्ञानाचे नाहीतच, ते हक्काचे आहेत.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. तरंगत्या सौरऊर्जेचा आजवरचा अनुभव बहुतेक सगळा साठलेल्या पाण्यावरचा आहे. 2007 मध्ये जपानच्या आइची प्रांतात 20 किलोवॅटचा पहिला छोटा संच पाण्यावर तरंगला. सिंगापूरच्या टेंगे जलाशयावर 2021 मध्ये 60 मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला. 45 हेक्टर पाण्यावर सुमारे 1 लाख 22 हजार पॅनेल. इंडोनेशियात सिराटा धरणाच्या जलाशयावर 2023 मध्ये 192 मेगावॅटचा प्रकल्प आला. हे सगळे जलाशय आहेत. तिथलं पाणी वर-खाली होतं, पण अंगावर धावून येत नाही. त्यामुळे "अमुक ठिकाणी काहीच झालं नाही" हे समर्थकांचं म्हणणं आणि "तमुक तळ्यात ऑक्सिजन कमी झाला" हे विरोधकांचं म्हणणं, दोन्ही नदीला जसंच्या तसं लावता येत नाही.

चकाकीचा प्रश्न आधी घेऊ. पॅनेल म्हणजे आरसा, हा समज सहज होतो, पण प्रकाश परत फेकणं हे पॅनेलच्या दृष्टीनं नुकसान असतं. डोक्यावरून सरळ येणाऱ्या उन्हापैकी पाणी सुमारे 2 टक्के परावर्तित करतं आणि साधी काच 4 टक्के. पॅनेलच्या काचेवर परावर्तन कमी करणारा लेप असतो, त्यामुळे हा आकडा आणखी खाली येतो. सकाळ-संध्याकाळी मात्र गणित बदलतं. सूर्य क्षितिजापासून 10 अंशांवर असताना संथ पाणी जवळपास 35 टक्के प्रकाश परत फेकतं, आडवी ठेवलेली साधी काच 39 टक्के. म्हणजे तेव्हाही दोघांत फार फरक नाही. फरक आहे तो वेगळ्याच गोष्टीत. पाण्यावर लाटा असतात, त्यामुळे प्रकाशाचे असंख्य तुकडे होऊन चहूकडे विखुरतात. पॅनेल मात्र हजारोंच्या संख्येनं एकाच कोनात झुकलेले असतात, म्हणून त्यांची तिरीप एका दिशेला एकवटते. एखाद्या इमारतीच्या ठरावीक मजल्यांवर, वर्षातले काही आठवडे, दिवसातली काही मिनिटं ती खरोखर डोळ्यांवर येऊ शकते. सूर्याची जागा, पॅनेलचा कल आणि खिडकीची उंची माहीत असली की कुठल्या घराला कुठल्या तारखांना त्रास होईल हे आधीच काढता येतं. "चकाकी होत नाही" असं सांगण्यापेक्षा हा हिशेब त्या त्या इमारतीसमोर मांडणं जास्त प्रामाणिक आहे.

शॉकच्या भीतीचं उत्तर थोडक्यात देता येतं. मोठ्या संचांत पॅनेलच्या साखळीतला दाब 1000 ते 1500 व्होल्टपर्यंत असतो, त्यामुळे भीती निराधार नाही. पण या साखळ्या सहसा जमिनीशी विजेनं जोडलेल्या (अर्थिंग केलेल्या) नसतात. एका ठिकाणी वायर उघडी पडली तरी विजेला परतीची वाट सहजी मिळत नाही, आणि पॅनेलची वीज वापरण्याजोगी करून देणारा इन्व्हर्टर वायरचं इन्सुलेशन सतत तपासत असतो. गळती दिसली की तो बंद होतो. खरी अडचण अशी की ऊन आहे तोवर पॅनेलला बंद करायचं बटणच नाही. 2019 च्या सप्टेंबरात जपानमधल्या यामाकुरा धरणावर वादळानं पॅनेल उचलून एकमेकांवर ढीग केला, आणि त्या ढिगाला आग लागली. चहूबाजूंनी पाणी होतं, तरीही. म्हणून होड्या आणि पोहणारे यांच्यापासून पक्कं अंतर राखावं लागतं, आणि नदी अरुंद असेल तर ते अंतर लोकांच्याच वाट्याच्या पाण्यातून जातं.

आता माशांकडे, म्हणजे खरं तर ऑक्सिजनकडे. 20 अंश तापमानाला एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. 30 अंशांना साडेसात. तेवढ्याच हवेत तो पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतो. शिवाय स्थिर पाण्यात ऑक्सिजन हवेपेक्षा दहा हजार पट सावकाश पसरतो. पृष्ठभागावर वाऱ्यानं उठणाऱ्या लाटा, खडकांवरची खळखळ, भोवरे यांच्यामुळे पाणी ढवळलं जातं तेव्हाच वरचा ऑक्सिजन खाली पोहोचतो.

शहरातल्या नदीत याच्या उलट दिशेनं काम करणारी एक गोष्ट असते, ती म्हणजे सांडपाणी. त्यातली घाण कुजवणारे जिवाणू ऑक्सिजन खात राहतात. अमेरिकेतल्या ओहायो नदीचा अभ्यास करून स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी 1925 मध्ये या ओढाताणीचं समीकरण मांडलं. जिवाणू किती वेगानं ऑक्सिजन खातात आणि हवा किती वेगानं तो भरून काढते, या दोन वेगांवर सगळं ठरतं. नाला नदीला मिळतो तिथं ऑक्सिजनचं प्रमाण लगेच नीचांकाला जात नाही. पाणी पुढे वाहताना ते घटत जातं, काही अंतरावर सर्वांत कमी होतं आणि मग हळूहळू सावरतं. आलेख काढला तर मध्ये एक खड्डा दिसतो.

नेमका या खड्ड्याच्या जागी नदीचा पृष्ठभाग झाकला तर हवेकडून होणारी भरपाई मंदावते आणि खड्डा आणखी खोल होतो. तेच पॅनेल काही किलोमीटर वर, नाला मिळण्याच्या आधी, खळाळत्या पाण्यावर असतील तर फारसा फरक पडणार नाही. अर्ध्या मीटर प्रति सेकंद वेगानं वाहणारं पाणी 200 मीटर लांबीच्या संचाखालून सात मिनिटांच्या आत बाहेर पडतं. शेवाळाच्या पेशींना विभागायला तास नाही तर दिवस लागतात. एवढ्या सावलीनं त्यांचं ना भलं होतं ना वाईट. तळ्यांच्या बाबतीत सांगितला जाणारा शेवाळ रोखण्याचा फायदा वाहत्या नदीत म्हणूनच फारसा मिळत नाही. बाष्पीभवन वाचण्याचंही तसंच आहे.

पण शहरातली नदी बऱ्याचदा वाहतच नाही. बंधाऱ्यांमध्ये अडकून ती उन्हाळ्यात लांबट तळी होऊन बसते. तिथं मग तळ्यांचेच निष्कर्ष लागू व्हायला लागतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रायोगिक तळ्यांचा 70 टक्के पृष्ठभाग पॅनेलनी झाकून पाहिला. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार पाण्यातला ऑक्सिजन घटला आणि मिथेन व कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन सुमारे 27 टक्क्यांनी वाढलं. 70 टक्के हे आवरण फार मोठं आहे, नदीवर एवढं कुणी झाकणार नाही. तरी दिशा कळते. माशांची काळजी करणारा माणूस अडाणी नाही, एवढं तर नक्की.

इथं मोजमापाची एक खोच आहे. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री स्वतःच तो वापरतं. त्यामुळे पाण्यातला ऑक्सिजन दुपारी चांगला दिसतो आणि पहाटे, उजाडण्याच्या जरा आधी, सर्वांत खाली असतो. मेलेले मासे सकाळी तरंगताना दिसतात ते बहुतेकदा याचमुळे. दुपारी नमुना घेऊन "पाणी उत्तम" असा दाखला देणारा अहवाल या प्रश्नापुरता निरुपयोगी आहे.

माझ्या मते सर्वांत वजनदार शंका पुराची आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. उन्हाळ्यात सेकंदाला 30 सेंटीमीटरनं सरकणारी नदी पुरात 3 मीटरनं धावू लागली तर वेग दहा पट झाला, पण संच जागेवर धरून ठेवणाऱ्या दोरांवरचा ताण शंभर पट. त्याच वेळी पाणी कित्येक मीटर चढतं. दोर आखूड ठेवला तर पॅनेलखालचा तराफा पाण्याखाली खेचला जाईल; लांब ठेवला तर उन्हाळ्यात संच ढिला पडून कडेच्या चिखलात जाऊन बसेल.

आणि पूर नुसतं पाणी आणत नाही. ओंडके, झाडं, प्लॅस्टिक, जलपर्णीचे अख्खे गालिचे वाहून येतात. संचाच्या वरच्या कडेला एक ओंडका आडवा अडकला की त्याला जलपर्णी अडकते, तिला कचरा, आणि बघता बघता पाण्याला भिंत मिळते. तराफे एकमेकांना पिनांनी जोडलेले प्लॅस्टिकचे पोकळ ठोकळे असतात. ताण सगळीकडे सारखा वाटला जात नाही, तो कोपऱ्यातल्या काही जोडांवर येतो. ते तुटले तर सुटलेला भाग खालच्या पुलाला जाऊन अडकतो, कमानी तुंबतात आणि पुलाच्या वरच्या बाजूला पाणी फुगतं. म्हणून पुलाजवळ राहणाऱ्यानं विचारलेला प्रश्न जलशास्त्राच्या परीक्षेत शोभावा इतका नेमका आहे. त्याला "डिझाइन मजबूत आहे" हे उत्तर पुरत नाही. किती वेगाच्या आणि किती उंचीच्या पुरासाठी डिझाइन केलं, पुराच्या आधी संच बाजूला ओढून घेणार का, आणि सुटलाच तर कुठं अडवणार, हे आकड्यांत सांगायला हवं.

एवढी जोखीम घेऊन मिळतं काय? 100 मीटर रुंद नदीचा एक किलोमीटरचा पट्टा घेतला आणि त्यातला पाचवा भाग झाकला, तर दोन हेक्टर होतात. त्यावर ढोबळमानानं दोन मेगावॅट बसतात. भरपूर ऊन असलेल्या प्रदेशात एका किलोवॅटमागे वर्षाला पंधराशे युनिट धरले तर एकूण 30 लाख युनिट. माणशी वर्षाला हजार युनिट धरले तर ही तीन हजार लोकांची वीज झाली. ती नगण्य नाही, पण शहराच्या गरजेपुढे थोडी आहे. पाण्यामुळे पॅनेल थंड राहून जास्त वीज देतात हे खरं, पण मोजलेला फायदा बेताचा आहे: नेदरलँड्समधल्या मोजणीत 3 टक्क्यांपर्यंत, सिंगापूरमध्ये 6 टक्क्यांपर्यंत. त्यातला काही भाग पक्षीच परत घेतात. पाण्यावरचा पॅनेल ही पक्ष्यांच्या बसण्याची आवडती जागा असते. पॅनेलमधले सेल एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे विष्ठेच्या एका डागानं एक सेल झाकला गेला तरी त्या साखळीतला प्रवाह अडतो, आणि तो सेल तापतो. तो जळू नये म्हणून पॅनेलमधला डायोड प्रवाहाला वळसा घालून देतो. मग पॅनेलचा एक तृतीयांश भाग त्या वेळेपुरता कामातून जातो.

म्हणून मला वाटतं, शहरानं पॅनेल तरंगवायचेच असतील तर मुख्य प्रवाह सोडून तरंगवावेत. लंडननं 2016 मध्ये हेच केलं. 6.3 मेगावॅटचे सुमारे 23 हजार पॅनेल थेम्सच्या पात्रात बसवले नाहीत. थेम्सच्या पाण्यावर भरणाऱ्या क्वीन एलिझाबेथ दुसरी जलाशयात बसवले, आणि ती वीज पाणी शुद्ध करायच्या कामाला लावली. तिथं पूर नाही, होड्यांची वाट नाही, काठावर कुणाची खिडकी नाही.

आता तो हळू आवाजातला प्रश्न. घराजवळच्या प्रकल्पाला विरोध करणाऱ्यांना स्वार्थी ठरवायची सवय जुनी आहे. ब्रिटिश अभ्यासक पॅट्रिक डिव्हाइन-राइट यांनी 2009 मध्ये तिला छेद दिला. त्यांच्या मांडणीनुसार असा विरोध बऱ्याचदा त्या जागेशी असलेल्या नात्यातून येतो: ओळखीची जागा बदलते तेव्हा माणूस तिचं रक्षण करू पाहतो. पवनचक्क्यांच्या अभ्यासात डच संशोधक मार्टेन वोल्सिंक यांना दिसलं, की प्रकल्प कागदावर येण्याआधी पाठिंबा भरपूर असतो, आखणीच्या काळात तो घसरतो आणि प्रकल्प उभा राहिल्यावर पुन्हा वर येतो. ही घसरण नेमकी त्या काळातली, जेव्हा निर्णय होत असतात आणि लोकांना त्यात जागा नसते. दक्षिण कोरियात हापचॉन धरणावर 2021 मध्ये 41 मेगावॅटचा संच आला. त्यात आसपासच्या गावांतल्या रहिवाशांनी स्वतः पैसे गुंतवले आणि उत्पन्नात त्यांचा वाटा आहे. पॅनेलची मांडणीही तिथल्या ओळखीच्या फुलाच्या आकाराची केली. आकारानं एक युनिटही जास्त मिळत नाही, पण काठावरून बघणाऱ्याचा विचार कुणीतरी केला हे त्यातून दिसतं.

नदीच्या बाबतीत लोकांना विचारण्याचा अर्थ सभा घेऊन सादरीकरण दाखवणं एवढाच नसावा. कुठला पट्टा झाकायचा नाही हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे असला पाहिजे, आणि त्यासाठी हातात आकडे हवेत: पुराच्या वेगाचे, चकाकीच्या तारखांचे, आणि त्या पट्ट्यातल्या पहाटेच्या ऑक्सिजनचे. हे शेवटचे आकडे सगळे ऋतू धरून गोळा करायला किमान एक वर्ष लागतं, आणि ते वर्ष पॅनेल बसवण्याच्या आधीचं असावं लागतं. नंतर मोजणी सुरू केली तर बदल कशाच्या तुलनेत झाला हेच सांगता येत नाही.