'डबल फिल्टर' म्हणजे रिफाइंड नव्हे: भाजी परतायला कोणतं तेल घ्यावं?

"डबल फिल्टर द्या. रिफाइंडच असतं ना ते?"

कोथरूडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानात हा प्रश्न मी कितीदा तरी ऐकला आहे. गर्दीच्या वेळी दुकानदार "हो हो, तेच" म्हणतो आणि पिशवी पुढे करतो. पण ते तेच नसतं. दोन्ही पिशव्यांवर शेंगांचं चित्र असतं, दोन्ही एकाच फळीवर उभ्या असतात, तरी आतली तेलं वेगळी असतात. गॅस मोठा केला की ती वागतातही वेगळी.

बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा आमच्या घरात तेलावरून बरीच चर्चा झाली. आतेभाऊ म्हणाला, रिफाइंड सूर्यफूल सुरू करा. मावशी म्हणाली, रिफाइंड म्हणजे विष, लाकडी घाण्याचंच आणा. आम्ही मावशीचं ऐकलं आणि घाण्याचं शेंगदाणा तेल आणलं. त्याच्या नुसत्या वासाने आजीच्या घरची आठवण आली. ती त्याला 'गोडंतेल' म्हणायची. त्याच आठवड्यात मुलीने नूडल्स मागितल्या. कोबी, गाजर, सिमला मिरची चायनीज गाडीवर करतात तशी मोठ्या आचेवर परतायची म्हणून लोखंडी कढई आधी कोरडीच कडकडीत तापवली आणि तेल ओतलं. काही सेकंदांत निळसर धूर झाला, डोळे चुरचुरले आणि भाजीला जळका, कडसर वास आला. तेल चांगलंच होतं. मी त्याला भलत्या कामाला लावलं होतं.

तेव्हापासून मी हा विषय नीट समजून घेतला. माझ्या मते सगळा गोंधळ दोन प्रश्नांची सरमिसळ झाल्यामुळे होतो. तेल दाण्यातून काढलं कसं, हा एक प्रश्न. काढल्यावर ते साफ कसं केलं, हा दुसरा. 'लाकडी घाणा' हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. 'फिल्टर' आणि 'रिफाइंड' ही दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं आहेत. त्यामुळे पिशवीवर फिल्टर लिहिलंय म्हणजे तेल घाण्याचंच आहे असं होत नाही. दाणे गरम करून एक्स्पेलर या लोखंडी यंत्रात पिळलेलं तेलही फिल्टर म्हणून विकता येतं आणि ते विकलं जातं.

गाळणं आणि शुद्ध करणं

फिल्टर म्हणजे गाळणं. नुकत्या निघालेल्या तेलात दाण्याचा बारीक चुरा आणि चिकट गाळ असतो. ते निवळू देतात, वरचं तेल काढून घेतात आणि कापडातून किंवा फिल्टर प्रेसमधून गाळतात. दोनदा गाळलं की झालं डबल फिल्टर. यात बाहेरचं काही मिसळत नाहीत. म्हणून रंग पिवळसर राहतो, झाकण उघडलं की दाण्याचा वास येतो आणि तेलात जे विरघळलेलं आहे ते सगळं, चांगलं आणि वाईट दोन्ही, तिथेच राहतं. दहादा गाळलं तरी फिल्टर तेल रिफाइंड होणार नाही, कारण विरघळलेली गोष्ट गाळणीत अडकत नाही.

ती काढायची तर तेलावर प्रक्रिया करावी लागते, आणि तीच रिफायनिंग. आधी पाणी किंवा सौम्य आम्ल घालून गोंदासारखी चिकट द्रव्यं वेगळी करतात. मग कॉस्टिक सोडा घालतात. तेलातली सुटी मेदाम्लं त्याच्याशी मिळून साबण होतात आणि तो साबण काढून टाकतात. मग खास प्रकारच्या मातीत तेल घोळवून रंग शोषून घेतात. शेवटी निर्वात टाकीत २०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून तेलातून वाफ सोडतात, तिच्याबरोबर वास निघून जातो. हाती येतं ते फिकट, बिनवासाचं, जास्त टिकणारं तेल. या वाटेत ई जीवनसत्त्वाचा आणि वनस्पतींतल्या स्टेरॉलचा काही भाग जातो. सगळा नाही, पण जातो.

मावशीचं 'विष' मात्र मला पटत नाही. बरेच जण रिफाइंड तेल आणि वनस्पती तूप एकच समजतात. वनस्पती तुपासाठी तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करत, आणि ते अर्धवट केलं की भरपूर ट्रान्स फॅट, म्हणजे हृदयाला घातक मेद, तयार होत असे. रिफायनिंगमध्ये हायड्रोजन घालत नाहीत. शेवटच्या तापवण्यात थोडं ट्रान्स फॅट बनतं हे खरं, पण ते फार कमी. शिवाय १ जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातल्या औद्योगिक ट्रान्स फॅटवर आपल्याकडे २ टक्क्यांची मर्यादा आहे. दुसरी भीती हेक्झेनची. पेंडीत उरलेलं तेल या द्रावकाने ओढून काढतात आणि ते तेल पुढे रिफाइंडच करावं लागतं. हेक्झेन ६९ अंशांच्या आसपासच उकळतं. २०० अंशांच्या वरच्या निर्वात टाकीतून गेलेल्या तेलात ते नावापुरतंच उरतं.

कढईत काय होतं

तेल धुरायला लागतं त्या तापमानाला धूम्रबिंदू म्हणतात. रिफाइंड न केलेल्या शेंगदाणा तेलाचा तो साधारण १६० अंश आहे, रिफाइंडचा २३० च्या आसपास. हा फरक पडतो तो सुट्या मेदाम्लांमुळे आणि बारीक कणांमुळे. तीच आधी जळतात आणि रिफायनिंगमध्ये तीच काढलेली असतात. धुराच्या पुढे तापवलेलं तेल मोडायला लागतं, त्यातून अ‍ॅक्रोलिनसारखी घसा-डोळ्यांना झोंबणारी द्रव्यं निघतात. माझ्या स्वयंपाकघरात त्या दिवशी हेच झालं होतं.

पण आपलं रोजचं परतणं असं नसतं. बटाट्याच्या काचऱ्या घ्या. मध्यम आचेवर तेल तापवायचं, मोहरी तडतडली की हिंग-हळद, लगेच काचऱ्या. भाजी पडली की तिच्यातलं पाणी वाफ होऊन निघायला लागतं, आणि ते आहे तोवर भाजी शंभर अंशांच्या फार वर चढत नाही. तेलाची कसोटी लागते ती दोनच वेळा: भाजी पडण्याआधी, आणि पाणी आटून भाजी खरपूस होताना. दोन्ही वेळा आच मध्यम ठेवली तर फिल्टर तेल अजिबात धुरत नाही. मोहरी तडतडली की तेल तयार आहे, धुराची वाट पाहायची नाही. फरसबी, कोबी, दोडका, गवार, झाकण ठेवून वाफेवर शिजणारी कुठलीही भाजी या गटात येते. भेंडी जरा जास्त वेळ परतावी लागते, तरी तिलाही मोठी आच लागत नाही.

मोठ्या आचेवरचं चायनीज पद्धतीचं परतणं वेगळं. तिथे कढई आधी रिकामी तापवतात, तेल पातळ थराने तिच्यावर पसरतं आणि भाजी दोन-तीन मिनिटांत बाहेर येते. त्या पहिल्या क्षणी कढई १६० अंशांच्या कितीतरी वर असू शकते. तिथे रिफाइंडच हवं. पुऱ्या, वडे, चकल्या यांचं तळणही साधारण १७० ते १९० अंशांवर चालतं, म्हणजे तेही रिफाइंडचंच काम.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. धूम्रबिंदू जास्त म्हणजे तेल तापवायला चांगलं, एवढं ते सरळ नाही. रिफाइंड सूर्यफूल तेलही २३० अंशांच्या आसपासच धुरतं. पण नेहमीच्या सूर्यफूल तेलात साठ टक्क्यांच्या आसपास लिनोलिक आम्ल नावाचं मेदाम्ल असतं, करडईच्या तेलात ते त्याहूनही जास्त. हा मेद धूर दिसण्याआधीच हवेशी संयोग पावून बिघडायला लागतो. शेंगदाणा तेलात जवळपास निम्मा मेद एकअसंपृक्त (मोनोअनसॅच्युरेटेड) असतो आणि तो उष्णतेला जास्त टिकतो. म्हणून मोठ्या आचेसाठी रिफाइंड घ्यायचंच तर ते शेंगदाण्याचं किंवा राइस ब्रानचं, म्हणजे तांदळाच्या कोंड्याचं, असं माझं मत आहे. तूप आणि खोबरेल उष्णतेला भक्कम आहेत, पण त्यांच्यातला संपृक्त मेद एलडीएल, म्हणजे 'वाईट', कोलेस्टेरॉल वाढवतो. बाबांच्या ताटात तूप वरण-भातावर चमचाभरच पडतं.

घाण्याच्या तेलाबद्दल जे कुणी सांगत नाही

गेल्या काही वर्षांत पुण्यात सिंहगड रस्त्यापासून पिंपरी-चिंचवडपर्यंत लाकडी घाण्याची दुकानं दिसू लागली आहेत. डोळ्यांसमोर तेल काढून मिळतं, ते मलाही आवडतं. पण या दुकानात मी सगळ्यात आधी दाणे बघते. ओलावा लागलेल्या शेंगदाण्यावर बुरशी येते आणि तिच्यातून अ‍ॅफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. यकृताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. रिफायनिंगमधल्या सोड्याने आणि मातीने ते जवळजवळ सगळं निघून जातं. नुसतं गाळून ते पूर्ण जात नाही. म्हणजे रिफाइंड तेलात कारखान्याची प्रक्रिया जे काम करते, ते घाण्याच्या तेलात दाणे निवडणाऱ्या माणसाला करावं लागतं. घाण्याजवळच्या पोत्यातले मूठभर दाणे हातात घ्यायला मागा. काळे, सुरकुतलेले, हिरवट-करडी बुरशी धरलेले किंवा खवट वासाचे दाणे दिसले तर तिथून तेल घेऊ नका, दुकान कितीही स्वच्छ असो. मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून स्वतः दाणे आणून घाण्यावर काढून घेणारी घरंही मला माहीत आहेत. वेळ असेल तर तो उत्तम मार्ग.

भावाचा अंदाजही दाण्यांवरूनच बांधता येतो. शेंगदाण्यात ४५ ते ५० टक्के तेल असतं, पण घाणा ते सगळं काढू शकत नाही. बरंच पेंडीत राहतं. एका लिटरला साधारण अडीच किलो दाणे लागतात. पेंड विकून थोडे पैसे परत येतात, तरी अडीच किलो दाण्यांच्या भावापेक्षा बरंच स्वस्त 'घाण्याचं' तेल मिळत असेल तर त्यात दुसरं काहीतरी मिसळलेलं असण्याची शंका घ्यावी.

पिशवीतलं तेल घेताना पुढची मोठी अक्षरं सोडून मागची बारीक वाचा. रिफाइंड तेलावर तसं लिहावंच लागतं. 'ब्लेंडेड' असेल तर कोणतं तेल किती टक्के हेही दिलेलं असतं. 'कोलेस्टेरॉल फ्री' या शब्दांसाठी मात्र एक रुपयाही जास्त देऊ नका. वनस्पतीच्या कुठल्याही तेलात कोलेस्टेरॉल नगण्यच असतं. आणि घरात कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर फिल्टर किंवा घाण्याचं शेंगदाणा तेल आणूच नका, कारण त्यात दाण्याची प्रथिनं राहिलेली असतात.

एकच बाटली ठेवायची असेल तर? दाण्यांची खात्री असलेला घाणा जवळ असेल आणि घरात भाजी-आमटी-चटणी असाच स्वयंपाक असेल, तर मी फिल्टर तेल घेईन. लसणीच्या चटणीवर ओतलेल्या कच्च्या तेलाची चव रिफाइंडला कधीच येणार नाही. खात्री नसेल, किंवा आठवड्यातून दोन-तीनदा काहीतरी मोठ्या आचेवर होत असेल, तर रिफाइंड शेंगदाणा तेल घ्यावं आणि त्यात अपराधी वाटून घेऊ नये.

आम्ही दोन्ही ठेवतो. घाण्याचं लिटरभरच आणतो, कारण ते लवकर खवट होतं. ते गॅसपासून लांब, स्टीलच्या बरणीत असतं. तळणाचं उरलेलं तेल पुन्हा तळायला घेत नाही, नव्या तेलातही मिसळत नाही. गाळून दोन-चार दिवसांत फोडणीला संपवतो.

फिल्टर असो की रिफाइंड, ग्रॅमला ९ कॅलरी ठरलेल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहार-मार्गदर्शनात २,००० कॅलरींच्या ताटाला दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. चार माणसांचं महिन्याचं गणित मांडलं तर ते सव्वातीन किलोच्या आत, म्हणजे सगळं तेलच धरलं तर साडेतीन लिटर होतं. मी आमच्या मागच्या सहा महिन्यांच्या किराणा बिलांवरून हिशेब काढला: चार माणसांना महिन्याला सहा लिटर जात होतं. आता दर महिन्याच्या एक तारखेला साडेतीन लिटर वेगळं काढते, आणि बाबा काचऱ्यांना तेल बरणीतून न ओतता चमच्याने मोजून घालतात.