कानाने वाचण्याचा हक्क

नोव्हेंबर १८९६ मध्ये डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या इंग्लिश मुलाची हकीकत लिहिली. मुलगा चुणचुणीत, गणितात चांगला. पण छापील शब्द त्याला लागत नसत. स्वतःचं नावही त्याने ‘प्रेसी’ असं लिहिलं आणि चूक त्याच्या ध्यानातही आली नाही. त्याला शिकवणाऱ्या मास्तरांचं मत मॉर्गन यांनी नोंदवलंय: सगळं शिक्षण तोंडी असतं, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. हुशारी असूनही छापील शब्द वाचताना अशी अडचण येणं, याला आज डिस्लेक्सिया म्हणतात. हा शब्द त्याआधीच, १८८७ मध्ये, जर्मन नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी दिला होता. मला मात्र मास्तरांचं मत जास्त मोलाचं वाटतं. पुढची वाट त्यातच दिसत होती.

ती वाट तयार झाली अंधांसाठी. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांना कॉलेजात शिकायचं होतं, म्हणून १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्वयंसेवक पाठ्यपुस्तकं ध्वनिमुद्रित करू लागले. त्या ‘रेकॉर्डिंग फॉर द ब्लाइंड’ संस्थेने १९९५ मध्ये आपल्या नावात ‘डिस्लेक्सिक’ हा शब्दही घेतला. अमेरिकन संशोधक रे कुर्झवाइल यांचं १९७६ चं छापील पान मोठ्याने वाचणारं यंत्रही अंधांसाठीच होतं. १९९० च्या दशकात त्याच घराण्यातलं ‘कुर्झवाइल ३०००’ हे संगणकावर मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आलं. त्यात आवाज ज्या शब्दावर असेल तो शब्द पडद्यावर रंगाने उठून दिसतो. अंध वाचकाला या रंगाचा काही उपयोग नाही. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला मात्र ऐकलेला आणि पाहिलेला शब्द एकाच क्षणी भेटतो. अक्षरओळख पक्की करण्याचं काम शिक्षकांचंच राहतं. पण तोवर इतिहास-विज्ञान अडून राहत नाही.

महाराष्ट्रात १९९६ मध्ये अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती मिळाल्या. पुस्तकं सुलभ रूपात, म्हणजे ऐकता येतील अशी, आणायला कॉपीराइटची अडचण होती. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने ती बरीच दूर झाली. अशी पुस्तकं तयार करायला मोकळीक देणाऱ्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय माराकेश करारात अंधांसोबत वाचन-अक्षमता असलेलेही आले, आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सियाचा उल्लेख आहे.

मराठीची अडचण मात्र अक्षरांच्या आत आहे. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला संगणकात स्वतःचा संकेत देणारी पद्धत. त्यापूर्वीच्या फाँटमध्ये जुळवलेल्या पुस्तकाच्या फाइलमध्ये डोळ्यांना ‘शाळा’ दिसते, पण संगणकाच्या लेखी तिथे रोमन लिपीची भलतीच चिन्हं असतात. वाचणारा आवाज ती अगम्य बडबड वाचत सुटतो. मग पान स्कॅन करून अक्षरं पुन्हा ओळखवून घ्यावी लागतात. त्यात रफार निसटतो, जोडाक्षर फुटतं, ‘घ’चा ‘ध’ होतो. ही चूक एखाद्या डोळसाने आधीच ओळीओळीने सुधारून ठेवावी लागते, कारण ज्या मुलासाठी ते पान तयार होतं, त्याला ती स्वतः पकडता येत नाही.