ल शाँबों : निर्वासित मुलांचे आतिथ्य

दक्षिण-मध्य फ्रान्समधील ओत-ल्वार विभागातील ल शाँबों-स्यूर-लिन्यों हे गाव आणि त्याभोवतालचे सु. १,००० मी. उंचीचे पठार येथील प्रॉटेस्टंट रहिवाशांनी दुसऱ्या महायुद्धात निर्वासितांना, विशेषतः ज्यू मुलांना, आश्रय दिला. मुलांच्या वसतिगृहांचा काळ साधारणतः १९४१ ते १९४४ असा धरतात.

या आतिथ्याच्या उगमाविषयी मतभेद आहेत. १६८५ मध्ये प्रॉटेस्टंटांना धर्मस्वातंत्र्य देणारा नँतचा आदेश रद्द झाल्यावर ह्यूगेनॉटांनी (फ्रेंच प्रॉटेस्टंटांनी) सोसलेल्या छळाची आठवण पठारावर पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली व तिच्यातूनच परागंदा माणसाला थारा देण्याची वृत्ती आली, हे रूढ मत होय. दुसरे मत अधिक व्यावहारिक आहे. पाद्री लुई कोंत यांनी १८९३ मध्ये सँतेत्येन या औद्योगिक शहरातील कामगारांच्या अशक्त मुलांना हवापालटासाठी पठारावरील शेतकऱ्यांच्या घरी ठेवण्यास प्रारंभ केला. त्याबद्दल यजमानांना मोबदला मिळे. परक्या मुलाचे ताट मांडणे त्यामुळे युद्धापूर्वीच अंगवळणी पडले होते. छळाची स्मृती इतरही प्रॉटेस्टंट गावांत होती; एवढी मुले थोड्या अवधीत सामावली कशी, याचा उलगडा मात्र दुसऱ्या मताने अधिक होतो. मोबदला घेतला म्हणजे आतिथ्य उरत नाही, हा आक्षेप फारसा टिकणारा नाही, कारण त्या पैशांत जिवाच्या जोखमीचा हिशेब नव्हता.

धर्मशास्त्रीय बैठक पाद्री आंद्रे त्रोक्मे व एदुआर तेस यांनी दिली. फ्रान्स व जर्मनी यांच्यातील युद्धबंदीच्या करारानंतर दुसऱ्याच दिवशी, २३ जून १९४० रोजी, त्यांनी मंडळीला आत्मिक शस्त्रांनी प्रतिकार करण्याचे आवाहन केले. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायातील शरणपुरांचा (जीव वाचविण्यासाठी पळून आलेल्यास आश्रय देणाऱ्या नगरांचा) आणि निर्दोष रक्त न सांडण्याच्या आज्ञेचा आधारही त्रोक्मे घेत असत. ग्यूर्स, रिव्हसाल्त इ. फ्रान्समधील स्थानबद्धता छावण्यांतून क्वेकर (एक शांततावादी ख्रिस्ती पंथ) व अन्य मदत संस्थांनी मुले सोडवायची आणि गावाने त्यांना घरे द्यायची, अशी योजना आखली गेली. स्विस बालसाहाय्य संस्थेचे ‘ला गेस्पी’ हे वसतिगृह १९४१ मध्ये उघडले. पोलीस येत असल्याची सूचना मिळताच मुलांना रानात किंवा दूरच्या वाड्यांवर पाठवीत. मात्र २९ जून १९४३ रोजी ‘मेझों दे रोश’ या विद्यार्थिगृहावर जर्मनांनी छापा घालून अनेक विद्यार्थ्यांना व त्यांचे प्रमुख, आंद्रे यांचे नातलग दानिएल त्रोक्मे यांना पकडले. दानिएल १९४४ मध्ये मायदानेक छळछावणीत मरण पावले.

आश्रितांची संख्या पूर्वी ५,००० सांगितली जाई. अलीकडील अभ्यासकांचा कल, वाटेत काही दिवसच थांबलेले लोक वेगळे धरून, त्याहून बराच कमी आकडा मानण्याकडे आहे व तोच सयुक्तिक वाटतो. याद वाशेम या इझ्राएलमधील ज्यू-संहार स्मारक संस्थेने १९९० मध्ये गावाचा व परिसरातील रहिवाशांचा सामुदायिक गौरव केला. पठारावरील डार्बीपंथीय (एका कडव्या प्रॉटेस्टंट उपपंथाच्या) शेतकरी कुटुंबांनीही मुले लपविली. स्वतःविषयी बोलण्या-लिहिण्याची त्यांची रीत नसल्याने त्यांच्या कार्याची नोंद त्रोटक आहे.