नदीखोऱ्यातील पाण्याच्या गुणवत्तेचे मूल्यमापन

नदीखोऱ्यातील नद्या, ओढे व तलाव यांतील पृष्ठजल आणि विहिरी, विंधनविहिरी व झरे यांतून मिळणारे भूजल पिण्यास, सिंचनास वा जलचरांस कितपत योग्य आहे, हे भौतिक, रासायनिक व जैविक तपासण्यांवरून ठरवण्याची पद्धत.

ही दोन पाणी कागदावरच वेगळी असतात. पाऊस थांबल्यावर कित्येक आठवडे नदीत जे वाहत राहते, ते बहुतांशी जमिनीतून पाझरून आलेले भूजलच असते. त्याला पायाप्रवाह म्हणतात. त्यामुळे शेतातल्या खतांचे नायट्रेट आधी विहिरीत आणि मग काही वर्षांनी नदीत दिसू शकते. उलट काठच्या विहिरींचा उपसा वाढला, की नदीचेच पाणी जलधरात (जमिनीखालील पाणी धरून ठेवणाऱ्या थरात) ओढले जाते. कोठे काय घडते आहे, हे नदीची व विहिरींची पातळी एकाच सुमारास मोजून काढतात. रेडॉन वायूचाही उपयोग होतो. भूजलात तो मुरलेला असतो आणि उघड्या प्रवाहातून लवकर उडून जातो. नदीत एखाद्या ठिकाणी तो अचानक वाढला, तर तळातून भूजल शिरत असण्याचा संभव असतो.

नमुना घेतानाची चूक प्रयोगशाळेत दुरुस्त होत नाही. विंधनविहिरीच्या नळीत साचून राहिलेले पाणी जलधराचे खरे पाणी नव्हे; विद्युतवाहकता, तापमान व सामू (पीएच, आम्लतेचे माप) स्थिर होईपर्यंत पंप चालवून मगच बाटली भरतात. धातूंसाठीच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालून सामू २ च्या खाली आणतात, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला धरून बसतात. तेच आम्ल चुकून बीओडीच्या (सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात, त्याच्या मापाच्या) बाटलीत पडले, तर जिवाणूच मरतात आणि २०° से. ला ५ दिवस ठेवूनही घाण पाणी चांगले ठरते. वेळेचेही तसेच. शेवाळ माजलेल्या नदीत विरघळलेला ऑक्सिजन दुपारी भरपूर, तर पहाटे सर्वांत कमी असतो. नमुने मात्र बहुधा कामाच्या वेळात घेतले जातात, आणि मासे मरतात ती वेळ नोंदवहीत येतच नाही.

विश्लेषणात धन व ऋण आयनांच्या (विद्युतभारित कणांच्या) भारांची बेरीज सारखी येते का, हे जुळवून पाहतात. साधारण ५ टक्क्यांहून अधिक फरक संशयास्पद मानतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादा दर लिटरला नायट्रेट ५० मिग्रॅ., फ्लोराइड १.५ मिग्रॅ. व आर्सेनिक ०.०१ मिग्रॅ. अशा आहेत. फ्लोराइड व आर्सेनिक बऱ्याचदा खडकातूनच येतात, त्यामुळे नितळ, बिनवासाचे पाणीही अपायकारक असू शकते.

पाण्याचा रासायनिक प्रकार दाखवण्यासाठी मुख्य आयनांचे प्रमाण मांडणारी पायपर आकृती (१९४४) वापरतात. हॉर्टन यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या जलगुणवत्ता निर्देशांकाची अनेक रूपे प्रचारात आहेत. एकच आकडा लोकांना समजावण्यास सोयीचा, पण फसवा. बाकी घटक उत्तम असले, की सरासरीत घातक फ्लोराइडही झाकले जाते. पुराच्या वेळी संहती (दर लिटरमधील प्रदूषकाचे प्रमाण) उतरते म्हणून प्रदूषण घटले असेही नव्हे. संहतीला विसर्गाने (ठरावीक वेळात वाहणाऱ्या पाण्याने) गुणले, तर वाहून जाणारा भार वाढलेलाच निघू शकतो.

सांडपाणी थांबवल्यावर नदीचा बीओडी लवकर उतरतो. भूजलातील नायट्रेटला मात्र दशकेही लागतात.